मगनवाडीपासून कॉलेजच्या फाटकापर्यंत



यंदा गणपती उठले आणि सोयाबीन सोंगायला अजून पंधराएक दिवस अवकाश होता. त्या मोकळ्या दिवसांत आमच्या गटातल्या आम्ही चौघी तालुक्याच्या कॉलेजात जाऊन आलो. कॉलेज आम्ही आजवर एसटीच्या खिडकीतूनच पाहिलेलं. फार तर पोरीच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी फाटकाशी उभ्या राहिलेलो. या वेळी आत गेलो ते स्वतःसाठी. गावातल्या एका मुलीनं फोनवर दाखवलं होतं की कॉलेजात शिवणकामाचा आणि संगणकाचा कमी मुदतीचा वर्ग निघतोय. फी नाही, आणि पदवीला नाव घातलेलं असलंच पाहिजे असंही नाही.

आत टेबलाशी बसलेल्या सरांनी नीट माहिती दिली. नावं घेतली, शिक्षण विचारलं, वय विचारलं. तिथं गाडी अडली. आमच्यातली जी सगळ्यात चांगलं शिवते, वीस वर्षांपासून गावाचे ब्लाऊज जिच्या हातचे, ती मावशी सत्तेचाळीस वर्षांची. योजना पंधरा ते पंचेचाळीस वयाच्या लोकांसाठी. सर म्हणाले, ''मावशी, नियम आहे, माझ्या हातात नाही.'' मावशी काही बोलली नाही. परत येताना एसटीत मात्र म्हणाली, ''मला शिवण शिकायचंच नव्हतं. मापावर कटिंग कशी करतात, पन्नास पोरांचे कपडे एका मापानं कसे बेततात, तेवढंच पाहिजे होतं.''

त्यावरून गटाच्या बैठकीत बोलणं निघालं. हे हाताच्या कामाचे वर्ग कॉलेजात आत्ताच का आले? आधी कुठं होते? वर्ध्यात तर गांधीजींच्या काळापासून असं काही चालायचं असं आपण ऐकत आलो, मग ते कॉलेजपर्यंत पोचायला इतकी वर्षं का लागली? मग आम्ही मगन संग्रहालय पाहिलं, सेवाग्रामला गेलो, दोन-चार पुस्तकं वाचून घेतली, जुन्या माणसांना विचारलं. त्यातून जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो.

गोष्ट सुरू होते १९३४ पासून. त्या वर्षी डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी वर्धा शहरातली आपली बाग आणि तिथलं घर संघाला दिलं. गांधीजींचे पुतणे मगनलाल गांधी, चरख्यावर जन्मभर काम केलेले, १९२८ मध्ये वारले होते. त्यांच्या नावानं बागेला मगनवाडी म्हणू लागले. संघाचे अध्यक्ष श्रीकृष्णदास जाजू, आणि कामाचा सगळा भार चिटणीस जे. सी. कुमारप्पांवर. हे कुमारप्पा लंडनला हिशेबतपासनीस झालेले, न्यूयॉर्कला अर्थशास्त्र शिकलेले. असा माणूस वर्ध्याला येऊन तेलघाणी, हातकागद, मधमाशा आणि ताडगुळाचा अभ्यास करत बसला, हे आम्हाला पहिल्यांदा ऐकून गमतीचं वाटलं. पण त्यांचा हिशेब साधा होता. गावातून सरकी जाते, भुईमूग जातो, चामडं जातं, आणि गावात तेल, साबण, चप्पल विकत येते. या जाण्यायेण्यात गावाचा पैसा कुठं गळतो ते शोधायचं.

मगनवाडीत देशभरातून माणसं शिकायला येत. पदवीसाठी नाही, एखादा धंदा शिकून आपल्या गावात चालवण्यासाठी. कुणी घाणी शिकायचं, कुणी कागद. शिकवणं आणि सुधारणा दोन्ही एकाच आवारात चाले. झवेरभाई पटेलांनी जुन्या लाकडी घाण्यात बदल करून, बैलाच्या त्याच कष्टात जास्त तेल निघेल असा घाणा केला, तो पुढे वर्धा घाणी म्हणून देशभर गेला. आपल्या कामाची एक वस्तूही तिथलीच: मगन चूल. धूर नळीवाटे बाहेर जावा अशी चूल. रॉकेलऐवजी वनस्पतिजन्य तेलावर जळणारा मगनदीपही त्यातलाच. १९३८ च्या ३० डिसेंबरला गांधीजींच्या हातून मगन संग्रहालय उघडलं, ते आजही आहे. बघायला नक्की जा. जुने चरखे आणि घाणी बघताना आमच्यातल्या एकीला आजीच्या हाताचा वास आल्यासारखं झालं.

आता एक गोष्ट जरा थांबून सांगावीशी वाटते, कारण आपल्याशी तिचा सगळ्यात जवळचा संबंध आहे. ती मजुरीची.

सूत कातणं बायकांना शिकवावं लागत नव्हतं. कौशल्य होतंच. तरी दिवसभर कातून हाती एखाद-दीड आणा पडायचा. १९३५ मध्ये गांधीजींनी चरखा संघापुढे सवाल ठेवला, की आठ तास नीट सूत कातणाऱ्या बाईला आठ आणे का मिळू नयेत? संघातल्या कार्यकर्त्यांना घाम फुटला. एवढी मजुरी दिली तर खादी महाग होणार, मग घेणार कोण? आठ आण्यांपर्यंत संघ पोचू शकला नाही, पण मजुरी वाढवावी लागली, आणि खादी महाग झालीही. त्याच सुमाराला वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबांनी स्वतः रोज आठ तास कातून त्या मजुरीवर जगून पाहिलं. एवढा शिकलेला माणूस, वेद-उपनिषदं मुखोद्गत, बसला कातायला. का? तर बाईला जे परवडतं म्हणतात ते खरंच परवडतं का, हे अंगावर घेऊन बघायला. आम्हाला वाटतं, आज कौशल्य वर्गांची आखणी करणाऱ्या प्रत्येकानं एक महिना असं करून बघावं. शिवणाचा वर्ग काढणाऱ्यानं महिनाभर पिको-फॉलवर घर चालवून दाखवावं.

म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीच वर्ध्यात कळून चुकलं होतं की नुसतं शिकल्यानं मजुरी वाढत नाही. भाव कोण ठरवतं, माल कोण घेतं, त्यावर सगळं अडतं.

मग आलं १९३७. ऑक्टोबरच्या २२ आणि २३ तारखेला वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात देशभरातले शिक्षणातले लोक जमले. शाळेला पंचवीस वर्षं झाली होती, त्याच निमित्तानं परिषद. अध्यक्ष गांधीजी. त्यांचं म्हणणं असं, की मुलांना सात वर्षं मातृभाषेतून, फुकट आणि सक्तीचं शिक्षण द्यावं आणि ते एखाद्या हस्तव्यवसायाच्या आधारानं द्यावं. टकळीवर कातताना गणित, कापसाच्या झाडावरून विज्ञान, कापडाच्या व्यापारावरून इतिहास. आणि मुलांनी केलेला माल विकून मास्तराचा पगार निघावा, तो माल सरकारनं घ्यावा.

या शेवटच्या मुद्द्यावर परिषदेत चांगलीच खडाजंगी झाली, आणि ती आपण ऐकण्यासारखी आहे. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा उठून म्हणाले, की शाळेला जागा फुकट, कच्चा माल फुकट, मुलांची मजुरी फुकट. अशा शाळेचा माल बाजारात आला तर गावच्या सुताराचं, विणकराचं काय होणार? आणि मुलांकडून काम करून घेताना ती वेठबिगारी होणार नाही कशावरून? डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे आपले राष्ट्रपती झाले, त्यांनाही धास्ती होती की पगार मालावर अवलंबून असला तर मास्तर मुलांना राबवून घेईल. परिषदेनं त्यांनाच समितीचं अध्यक्ष केलं. समितीत विनोबा, कुमारप्पा, जाजू, काका कालेलकर, आशादेवी, स्वतः शहाही होते. २ डिसेंबरला अहवाल आला. त्यात साडेपाच तासांच्या शाळेपैकी ३ तास २० मिनिटं हस्तव्यवसायाला दिली होती.

शहांची शंका आम्हाला आजही लागू वाटते. प्रशिक्षण म्हणून मुलींना तीन-चार महिने एखाद्या कारखान्यात किंवा दुकानात बसवायचं, त्यांच्याकडून रोजचं काम करून घ्यायचं आणि हाती प्रमाणपत्र द्यायचं, असं कुठं होत असेल तर ते शिकणं की बिनपगारी काम? हे आपण विचारलंच पाहिजे.

परिषदेनंतर हिंदुस्थानी तालीमी संघ निघाला. त्याचं काम सेवाग्रामला. सेवाग्रामचं मूळ नाव शेगाव. गजानन महाराजांच्या शेगावची आणि इथली टपालं एकमेकांत जायची म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं. संघ चालवला तो श्रीलंकेचे ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि त्यांच्या बंगाली पत्नी आशादेवी यांनी. दोघं शांतिनिकेतनात काम करून आलेले. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामला पुन्हा परिषद झाली आणि नई तालीम सात वर्षांपुरती न ठेवता जन्मापासून म्हातारपणापर्यंत पसरवायचं ठरलं. बालवाडी आली, बुनियादी आली, त्यापुढे मोठ्या मुलांची उत्तर बुनियादी, आणि प्रौढांचं शिक्षण. मुलं शेती करत, स्वयंपाक करत, कापड विणत, संडास साफ करत आणि त्यातूनच शिकत. विद्यापीठाच्या पातळीला उत्तम बुनियादी असं नावही ठेवलं होतं.

आणि इथं ते फाटक आडवं आलं.

उत्तर बुनियादीतून बाहेर पडलेल्या मुलांना शेतीचा हिशेब येत होता, कापड विणता येत होतं, चार माणसांत बोलता येत होतं. पण मॅट्रिकचा कागद नव्हता. विद्यापीठं त्यांचं शिक्षण आपल्या हिशेबात धरत नव्हती, सरकारी नोकरीला ते चालत नव्हतं. ज्यांना पुढं शिकायचं होतं त्यांनी बाहेरून मॅट्रिकची परीक्षा द्यायची. मग आईबापांनी काय करावं? ज्यांनी कधी शाळा पाहिली नाही त्या शेतकऱ्यांनाही एवढं कळत होतं की कागद असलेला पोरगा तहसीलात बसतो आणि हात चालणारा पोरगा वावरात राहतो. त्यांनी पोरं साध्या शाळेत घातली. त्यांना दोष द्यायला आमची जीभ उचलत नाही. आपणही तेच केलं.

सरकारला हे दिसत नव्हतं असं नाही. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानं ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली. १९५६ पासून देशात ग्रामीण उच्चशिक्षणाच्या काही संस्था निघाल्या, त्यांत कोल्हापूरकडची गारगोटी होती आणि आपल्या शेजारचं अमरावतीही होतं. पण त्यांच्या पदविकेचं वजन पदवीइतकं कधी झालं नाही. इकडे कुमारप्पा १९५० नंतर आपल्याच सेलू तालुक्यात सेलडोहला पन्नई आश्रम काढून शेतीचे प्रयोग करत राहिले. आमच्यातल्या कितीतरी जणी सेलडोहवरून नागपूरच्या गाडीनं शंभरदा गेल्या असतील, पण हे नाव आम्हाला आत्ता कळलं.

दुसरी एक बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. आमची बैठक बुद्ध विहारात भरते आणि निम्म्या जणी त्याच वस्तीतल्या. हाताच्या कामाचं शिक्षण म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी येते. कारण हाताचं काम जातीनं वाटून दिलेलं होतं. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना ते धंदे सोडा, शिका, शहराकडं जा असं सांगितलं ते उगीच नाही. गांधीजींच्या माणसांनी नालवाडीला चर्मालय काढलं, गोपाळराव वाळुंजकरांनी ते चालवलं, ज्यांचा तो धंदा नव्हता त्यांनी चामड्याला हात घातला, ही मोठी गोष्ट होती. पण ज्यांच्या माथी तो धंदा मारला होता त्यांना ती मुक्ती कशी वाटणार? १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी मुलांनी अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस घरी बापाचा धंदा शिकावा अशी योजना आणली. लोक खवळले. जातीचं शिक्षण नको म्हणून इतका विरोध झाला की राजाजी गेल्यावर १९५४ मध्ये कामराज यांनी योजना मागं घेतली. तेव्हा कुठल्याही वर्गात नाव घालण्याआधी आमच्या मैत्रिणी विचारतात, ''आमच्या पोरींना शिवण आणि मेंदी, आणि पाटलाच्या पोरीला कॉम्प्युटर, असं तर नाही ना?'' हा प्रश्न बरोबर आहे.

पुढची वर्षं लवकर सांगतो. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं बुनियादीच्या जागी कार्यानुभव आणला. कार्यानुभव म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे: पुठ्ठ्याची पाकिटं, लोकरीचं तोरण, परीक्षेच्या आदल्या रात्री आईनं करून दिलेली कागदाची फुलं. आयटीआय वाढले, तिथं मुलं गेली, मुली कमी गेल्या. नंतर ज्युनिअर कॉलेजात एमसीव्हीसी आलं, किमान कौशल्याचं. ज्याला कमी मार्क पडले तो तिकडं, असा त्यावर शिक्का बसला. म्हणजे हाताचं शिक्षण शाळेच्या अंगणात आलं, पण बसायला मागची सतरंजी.

वर्ध्यात मगनवाडीचं काम मात्र बंद पडलं नाही. तिथल्या जागेत जमनालाल बजाजांच्या नावानं ग्रामोद्योगाची संशोधन संस्था चालली आणि २००८ पासून तिचंच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, म्हणजे आपण म्हणतो ते एमगिरी झालं. खादी, खाद्यप्रक्रिया, साबण-उदबत्तीसारखे रासायनिक उद्योग, ऊर्जा, हस्तकला, या सगळ्यांचे थोड्या दिवसांचे वर्ग तिथं होतात. बँकांच्या आरसेटीतही राहण्या-जेवण्यासकट फुकट वर्ग मिळतात. बचत गटांसाठी तर प्रशिक्षणांचा पूरच आला.

त्या पुरात आमचंही एकदा काय झालं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं आमच्या गावात कपडे धुण्याचा साबण आणि पावडर करायला शिकवलं. दिवस मजेत गेले. शेवटच्या दिवशी पाहुणे आले, फोटो निघाले, प्रमाणपत्रं मिळाली. आम्ही गटाच्या पैशातून पहिला माल काढला. सोडा आणि बाकीचं साहित्य नागपूरहून आणावं लागलं, भाडंच अंगावर आलं. साच्यातून काढलेल्या वड्या दिसायला छान होत्या. पण किराणा दुकानात कंपनीचा साबण आमच्या वडीपेक्षा स्वस्त, आणि त्यावर चमचा फुकट. दुकानदार म्हणाला, ''ताई, ठेवतो, पण खपला तर पैसे.'' खपला नाही. ते वर्षभर आम्ही घरीच वापरले. कपडे स्वच्छ निघत होते, एवढं खरं. शिकवणाऱ्या बाई पुन्हा आल्या नाहीत, कारण त्यांचं काम शिकवण्यापुरतं होतं. प्रमाणपत्र अजून आमच्या अध्यक्ष ताईंच्या ट्रंकेत आहे. कुमारप्पांनी पहिला प्रश्न विचारला असता तो आम्हाला कुणी विचारलाच नाही, की कच्चा माल कुठून येतो?

आता नव्या काळाकडं येऊ. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं सांगितलं की कौशल्याचं शिक्षण वेगळं, कमी दर्जाचं म्हणून ठेवायचं नाही, शाळा-कॉलेजच्या मुख्य शिक्षणातच आणायचं, आणि २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचवायचं. त्याच धोरणात एक आकडा दिलाय: १९ ते २४ वयाच्या काम करणाऱ्यांपैकी रीतसर व्यवसायशिक्षण घेतलेले आपल्या देशात पाच टक्क्यांहून कमी, आणि जर्मनीत ७५ टक्के. मग विद्यापीठ अनुदान आयोगानं कॉलेजांसाठी तीन ते सहा महिन्यांच्या कौशल्य वर्गांची आखणी पुढं ठेवली. आपल्या दृष्टीनं त्यातला महत्त्वाचा शब्द आहे क्रेडिट. म्हणजे या वर्गाचे गुण खात्यात जमा होतील आणि पुढं पदवीला मोजता येतील. उत्तर बुनियादीच्या मुलांना जे मिळालं नाही, ते हे. कागदावर तरी.

राज्यानंही पावलं टाकली. १९ ऑक्टोबर २०२३ ला महाराष्ट्रात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू झाली. आणि २० सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधान वर्ध्याला आले ती सभा तुमच्यातल्या बऱ्याच जणींना आठवत असेल. स्वावलंबी मैदान माणसांनी भरलं होतं. त्याच दिवशी आचार्य चाणक्य कौशल्य विकास केंद्र योजना सुरू झाली: कॉलेजांत केंद्रं, पंधरा ते पंचेचाळीस वयाच्या तरुणांना फुकट प्रशिक्षण, वर्षाला राज्यात सुमारे दीड लाख जण. महिलांच्या उद्योगांसाठी अहिल्यादेवी होळकरांच्या नावाची स्टार्टअप योजनाही तेव्हाच आली. ज्या गावात १९३४ नंतर कॉलेजच्या बाहेर बागेत हे वर्ग भरले, त्याच गावातून नव्वद वर्षांनी कॉलेजच्या आत न्यायची घोषणा झाली. ती सभा विश्वकर्मा योजनेला वर्ष झालं म्हणून होती. त्या योजनेत शिंप्यासकट अठरा व्यवसाय आहेत, प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज ५०० रुपये मिळतात आणि अवजारांसाठी १५,००० पर्यंत. हे रोज ५०० आम्हाला फार शहाणपणाचे वाटतात. वर्गात बसलेल्या बाईची मजुरी बुडते, हे कुणीतरी मानलं.

कॉलेजात आम्ही विचारलं तेव्हा तिथल्या वर्गाला अशी भरपाई नव्हती. वर्ग दिवाळीनंतर, दुपारचा. दिवाळीनंतर आपल्याकडं काय असतं ते सांगायला नको. कापूस फुटलेला असतो, वेचणीला बाया मिळत नाहीत म्हणून शेतकरी दारात येतात. चार पैसे गाठीला बांधायचे तेच दिवस. आम्ही सरांना म्हटलं, ''सर, उन्हाळ्यात घ्या ना. चैत्र-वैशाखात आमचे हात रिकामे.'' ते म्हणाले, उन्हाळ्यात परीक्षा आणि सुट्ट्या. सेवाग्रामला शाळेचं वेळापत्रक शेताकडं बघून बसायचं, कॉलेजचं विद्यापीठाकडं बघून बसतं. पण सर ऐकणारे होते. तीस जणींची यादी आणली तर सकाळची वेळ मागून बघतो म्हणाले. यादी करणं चालू आहे, शेजारच्या दोन गावांतून नावं आली आहेत.

आणि मालाचं काय? इथं आम्ही साबणावरून शहाण्या झालो. २०२४-२५ मध्ये सरकारनं 'एक राज्य एक गणवेश' म्हणून कापड एका जागी घेतलं आणि शिलाई माविमच्या गटांना दिली. गणवेश उशिरा पोचले, मापं चुकली अशा तक्रारी राज्यभर झाल्या, आणि पुढच्या वर्षापासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडं गेलं. म्हणजे आता गणवेश कुठून घ्यायचे ते आपल्या गावच्या शाळेच्या समितीत ठरतं. त्या समितीत आपलीच माणसं, पालक म्हणून आपणच. आमच्या गावच्या शाळेत पटावर मुलं फार नाहीत. पण आजूबाजूच्या शाळा धरल्या तर तीन-चार मशीनला पावसाळ्याआधीचं काम पुरेल असं आम्ही मोजून पाहिलं आहे.

म्हणून असं ठरवलंय. गटातल्या वयात बसणाऱ्या तिघी कॉलेजात जातील. एक त्या वस्तीतली, जिला आम्ही मुद्दाम संगणकाच्या वर्गाला घालतोय, कारण कोटेशन, बिल आणि ऑनलाइन अर्ज करायला कुणीतरी पाहिजेच. दोघी शिवणाला. रोज शिकलेलं संध्याकाळी मावशीच्या ओसरीवर करून दाखवायचं, मापाची वही तिच्याकडं ठेवायची. एसटीचं भाडं गट देणार, त्या तिघींची वेचणीची बुडती मजुरी अर्धी गट भरणार, हे सर्वानुमते वहीत लिहिलंय. एकीनं विरोध केला होता, तिचं म्हणणं होतं की शिकून एखादी लग्न करून गेली तर? त्यावर बराच वाद झाला. शेवटी मावशीच म्हणाली, ''गेली तर त्या गावाला शिवून देईल.''

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. मुख्याध्यापक बाईंना आम्ही सांगून ठेवलंय की गणवेशाचा विषय पत्रिकेवर घ्या. नमुना म्हणून दुसरीतल्या एका मुलाचा शर्ट मावशीनं शिवून ठेवला आहे. खांदा जरा सैल झालाय. वर्ग सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात तो उसवून पुन्हा बेतायचा आहे.